ऐकू आला तो आवाज कुणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९४१ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या हॉलिवूडच्या कंपनीने 'द ग्रेट अमेरिकन ब्रॉडकास्ट' नावाचा एक गाण्यांचा, गमतीचा चित्रपट काढला. दिग्दर्शक आर्ची मेयो. नायिका अ‍ॅलिस फे, आणि तिच्यावर जीव जडलेले दोन मित्र जॉन पेन व जॅक ओकी. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले. एक मित्र विमान चालवणारा, दुसरा तारा आणि बॅटऱ्या यांत रमलेला. दोघे मिळून रेडिओ नावाचा नवा धंदा उभारतात, भांडतात, दुरावतात आणि शेवटी साऱ्या देशाला एकाच वेळी ऐकू जाणाऱ्या एका मोठ्या कार्यक्रमाच्या निमित्ताने सारे काही जुळून येते. गोष्ट म्हणाल तर एवढीच. हॅरी वॉरन यांच्या चाली असल्यावर गोष्टीकडे कोण पाहतो म्हणा!

पण या चित्रपटात एक प्रसंग आहे मुष्टियुद्धाचा, आणि मला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी. ४ जुलै १९१९. ओहायो राज्यातले टोलीडो शहर. जेस विलर्ड विरुद्ध जॅक डेम्प्सी. आपले हे दोस्त लढतीचे धावते वर्णन थेट हवेत सोडतात आणि लोक थक्क होतात.

लढत खरी, तारीख खरी, डेम्प्सी जिंकला हेही खरे. प्रक्षेपण तेवढे पटकथाकारांच्या पदरचे. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा सरकारने हौशी लोकांची बिनतारी यंत्रे बंद करायला लावली होती. ऐकण्याची मुभा १९१९ च्या एप्रिलमध्ये परत मिळाली. संदेश पाठवण्याची बंदी उठायला ऑक्टोबर उजाडला. म्हणजे त्या जुलैत कुणी असा उद्योग केला असता तर तो बेकायदा ठरला असता.

खरे मुष्टियुद्ध रेडिओवर गाजले ते दोन वर्षांनी, २ जुलै १९२१ रोजी, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत. पुन्हा डेम्प्सीच, समोर फ्रान्सचा जॉर्ज कार्पाँतिये. मधल्या काळात, २ नोव्हेंबर १९२०च्या रात्री, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगून सुरुवात केली होती. पण ते ऐकणारे थोडेच. रेडिओ म्हणजे काय हे गर्दीला कळले ते या लढतीमुळे.

आरसीए कंपनीचे डेव्हिड सारनॉफ यांना हे हवेच होते. जनरल इलेक्ट्रिकने नौदलासाठी बनवलेले प्रक्षेपणयंत्र त्यांनी उसने मिळवले. नौदल खात्याचे माजी उपमंत्री फ्रँकलिन रूझवेल्ट यांचाही या कामी हातभार लागला. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. यंत्र बसवले जवळच्याच होबोकेन गावी, रेल्वेच्या आवारात, आणि तार ताणली स्थानकाच्या मनोऱ्यावर. घरोघरी रेडिओ नव्हतेच, तेव्हा नाट्यगृहांत आणि सभागृहांत कर्णे लावून लोकांना बसवले. तिकिटाचे पैसे युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सच्या मदतीला आणि नौसैनिकांच्या क्लबाला. त्या दुपारी तीन लाख माणसांनी ऐकले, असा अंदाज पुढे सांगितला जाऊ लागला. अंदाज तो, त्यावर पैज लावू नये.

आता गंमत पाहा. आखाड्याच्या कडेला बसून वर्णन करणारे होते मेजर अँड्र्यू व्हाइट. इतिहासात नाव त्यांचे. पण व्हाइट बोलत होते टेलिफोनमध्ये. पलीकडे होबोकेनला जे. ओवेन स्मिथ नावाचा तंत्रज्ञ ते शब्द टिपून घेत होता आणि स्वतःच्या तोंडाने हवेत सोडत होता. म्हणजे सभागृहांत लोकांनी ज्या आवाजावर टाळ्या वाजवल्या, तो आवाज लढतीचा एकही ठोसा न पाहिलेल्या माणसाचा होता! कार्पाँतिये चौथ्या फेरीतच आडवा झाला, हे स्मिथचे नशीब. लढत संपते न संपते तोच यंत्रातल्या नळ्या जळून गेल्या, असे सांगतात.

चित्रपटाला असा नायक चालत नाही. तिथे बोलणारा रिंगणाजवळच हवा, देखणा हवा, आणि नायिकेने त्याच्याकडे कौतुकाने पाहायला हवे. पत्र्याच्या खोलीत घामाघूम झालेल्या कारागिरावर गाणे कोण लिहील? मला तर स्मिथचीच गोष्ट अधिक नाट्यमय वाटते.

ती पत्र्याची खोली कुणाची होती, हेही सांगायला हवे. ती होती पुलमन डब्यांतल्या पोर्टरांची. रात्रीच्या प्रवासात बिछाने घालणारे, सामान उचलणारे हे सेवक त्या काळी बहुतेक सारे कृष्णवर्णीय. त्यांची कपडे बदलायची ही जागा रेडिओवाल्यांनी घेतली.

आता पुन्हा चित्रपटाकडे वळू. 'इंक स्पॉट्स' ही चार कृष्णवर्णीय गायकांची मंडळी त्यात आहे. १९३९ मध्ये त्यांची 'इफ आय डिडन्ट केअर' ही ध्वनिमुद्रिका अतोनात गाजली होती. रेडिओमुळे त्यांचा आवाज अमेरिकेच्या घराघरांत पोचला होता. रेडिओच्याच इतिहासावरच्या या चित्रपटात त्यांना कोणते काम दिले असेल? पोर्टरांचे. त्याच वेशात ते गातात. फयार्ड आणि हॅरोल्ड निकोलस हे भाऊ आगगाडीच्या साक्षीने असे नाचतात की बाकीचा चित्रपट विसरायला होतो. नायक-नायिकेच्या कथेशी या साऱ्यांचा काडीचा संबंध नाही. गाणे होते, नाच होतो, कथा पुढे निघून जाते. चित्रपट कुठे मिळालाच, तर निदान तेवढ्या काही मिनिटांसाठी तो जरूर पाहा.