अस्थिआरोग्य, दीर्घपल्ल्याच्या पुरुष खेळाडूंचे

लांब पल्ल्याचे धावणे, सायकलिंग अशा खेळांतील पुरुषांच्या हाडांची घनता व हाडांना पडणाऱ्या भेगा यांचा अभ्यास. हा प्रश्न बराच काळ स्त्री-खेळाडूंचाच मानला गेला; आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधील ऊर्जेच्या कमतरतेची संकल्पना मांडताना पुरुषांचाही समावेश केला. श्रमाच्या मानाने खाणे अपुरे पडले की टेस्टोस्टेरॉन घटते, हाडांची झीज भरून निघत नाही आणि नडगीला किंवा पावलाला बारीक भेग जाते. सायकलपटूंचे उदाहरण अधिक बोलके. शरीराचा भार सीटवर, हाडे बळकट करणारे हादरे कण्याला नाहीत, शिवाय घामावाटे कॅल्शियम जाते. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता धावपटूंपेक्षाही कमी आढळते. घनतेचे मोजमाप डेक्सा या क्ष-किरण यंत्राने करतात.

पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेचे अस्थिविषयक काम मोलाचे, पण ते मुख्यतः मुलांवरचे, अशा खेळाडूंवरचे नव्हे. आहाराचे पाहिले, तर रायगड जिल्ह्यातील पेण-रोह्याकडच्या जेवणातील नाचणी (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम) आणि अख्खा खाल्ला जाणारा सुका जवळा हे कॅल्शियमचे चांगले स्रोत आहेत; मात्र एकूण आहारच तोकडा असेल, तर नुसत्या कॅल्शियमने घनता सावरत नाही.