उष्मांकाचा हिशेब आणि मोडलेले हाड



मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा किंवा माडावर चढणारा गडी पडला आणि पायाचे हाड मोडले, म्हणजे पुढे काय होते हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पाय प्लास्टरमध्ये जातो, घरची माणसे मायेने ताट वाढतात, आणि हाड सांधेपर्यंत अंगावर मेद चढतो. मग कोणी सांगतो, ‘उष्मांक मोजून खा, वजन उतरेल.’ सल्ला चुकीचा नाही. परंतु ही मोजणी मूळची लठ्ठपणासाठी निघालेली नाही. तिच्यामागे भुकेचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्यास सल्ला पाळताना होणारी एक मोठी चूक टळते.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढच्याच वर्षी पाऊस हुकला आणि दख्खनवर दुष्काळ कोसळला. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी असे ठरविले की, दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला १ पौंड धान्य व वर किरकोळ जिनसांपुरते पैसे पुरेत. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हा शिधा कष्टकऱ्यास अपुरा असल्याचे निक्षून सांगितले. मुंबई इलाख्यातही मजुरी घटविली तेव्हा मजूर कामे सोडून निघून गेले, आणि सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. त्या वादात उष्मांकाचे माप कोणाच्याच हाती नव्हते. आजच्या कोष्टकाने १ पौंड तांदळाचे सुमारे १,५६० उष्मांक भरतात. जबर कष्टाच्या पुरुषास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली सांगितलेली गरज आहे ३,४७०. कॉर्निश यांचे म्हणणे खरे होते. ते दाखविणारे माप मात्र मागाहून आले.

ते जर्मनीत रुबनर आणि अमेरिकेत ॲटवॉटर यांच्या परिश्रमांतून आले. ॲटवॉटर यांनी १८९० नंतरच्या दशकात माणसास बंद खोलीत दिवसच्या दिवस ठेवले, आणि त्याने खाल्लेले अन्न व त्याच्या देहातून निघालेली उष्णता यांचा मेळ घातला. १ ग्रॅम प्रथिनास किंवा पिष्टास ४ उष्मांक आणि स्निग्धास ९, हे आकडे त्यांचेच. १९१८ साली कॅलिफोर्नियातील डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी पुस्तक लिहून हा हिशेब वजन उतरविण्यासाठी लोकांच्या हाती दिला. आपल्याकडे निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून ॲक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नाची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे डॉ. व्ही. एन. पटवर्धन त्या संस्थेचे संचालक झाले. आज ती हैदराबादेस राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नांदते आहे.

आता आपल्या खाटेवरच्या गड्याकडे वळू. कष्टाच्या दिवसांत त्याला ३,४७० उष्मांक लागत. बैठ्या पुरुषाची गरज २,११० आहे. रोजचा फरक १,३६० झाला. काम थांबले आणि ताट जुनेच राहिले, तर हा फरक मेदाच्या रूपाने साचतो. यात कोणाचा आळस नाही, हा साधा जमाखर्च आहे.

तथापि येथेच ती चूक घडते. वाढलेल्या वजनाने घाबरून रोगी सरसकट उपाशी राहू लागतो. १९३० च्या सुमारास ग्लासगो येथे कथबर्टसन यांनी हाड मोडलेल्या रोग्यांच्या लघवीची तपासणी केली, तेव्हा तिच्यातून नत्र नेहमीपेक्षा अधिक जात असल्याचे आढळले. म्हणजे दुखापतीनंतर देह आपलेच स्नायू झिजवीत असतो. अशा वेळी मासे आणि कडधान्य तोडणे म्हणजे त्या झिजेत भर घालणे होय.

म्हणून उष्मांक मोजावेत, पण कोठून कमी करावयाचे हे पाहून. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ४४४ उष्मांक आहेत आणि तितक्याच कच्च्या तांदळात ३४५. बांगड्यात मात्र अवघे ९३, आणि त्यांबरोबर सुमारे १९ ग्रॅम प्रथिन. तेव्हा वाटपातले खोबरे व तळणीचे तेल आवरावे, भाताची दुसरी वाढ टाळावी. कालवणातला मासा आणि कुळथाची पिठी राखावी. पहिले काही आठवडे हाड सांधण्याचे. डॉक्टरांनी पायावर भार देण्यास अनुमती दिल्यावर रोजचे ४०० ते ५०० उष्मांक कमी केले, तर वजन हळूहळू उतरते. त्याबरोबर डॉक्टर सांगतील तेवढे चालणे हवेच, कारण झिजलेला स्नायू नुसत्या ताटाने भरून येत नाही.

टेंपल यांनी धान्य तोलले, पण ते खाणाऱ्या देहाचे कष्ट तोलले नाहीत. बेरीज धरून देहाची अवस्था विसरणारा रोगी स्वतःच्या बाबतीत तेच करतो. कोष्टक हाताशी असावे. आणि त्यातला आकडा वाचताना हे ताट कोणापुढे, कोणत्या दिवसांत वाढले जात आहे, हे आधी पाहावे.