मोऱ्याच्या लाँचमधून दिसणारा घुमट

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याकडे लाँच निघाली की उजव्या हाताला घारापुरी येते आणि तिच्या पलीकडे, ट्रॉम्बेच्या डोंगराखाली, एक घुमट दिसतो. लहानपणी मला तो कुठल्यातरी पीरबाबांचा दर्गा वाटायचा. "दर्गा नाही बेटा, तिथे ॲटम बॉम्ब बनतो," असं अब्बा म्हणाले होते. आमच्या घरात ट्रॉम्बेची ओळख एवढीच.

अब्बा अगदीच चुकले नव्हते. तो घुमट सायरस अणुभट्टीचा. ती १९६० साली सुरू झाली आणि १९७४ च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम तिथूनच आलं होतं. पण त्याच भट्टीवर आणखी एक काम चालायचं, ज्याचा आमच्याकडे कधी कुणी उल्लेख केला नाही.

त्याची आठवण झाली ती एका मुलीमुळे. मी भाषा शिकवते. उर्दूच्या तासाला 'मक्नातीस' हा शब्द आला, मी फळ्यावर लिहिलं, लोहचुंबक. तिने विचारलं, "टीचर, चुंबक खूप तापवलं तर मरतं म्हणे. का?" उत्तर मला येत नव्हतं. घरी जाऊन वाचावं लागलं.

स्फटिकातला प्रत्येक अणू आपल्या जागी असतो, पण स्वस्थ नसतो. शेजाऱ्यांशी जणू स्प्रिंगने बांधल्यासारखा तो सतत थरथरतो, आणि उष्णता वाढली की ही थरथर वाढते. लोखंडासारख्या पदार्थात अणू स्वतःच एक छोटा चुंबक असतो. हे छोटे चुंबक सफेत उभ्या नमाजींसारखे एकाच दिशेला तोंड करून राहिले की लोखंड चुंबक बनतं. ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंडातली ही सफ मोडते. काही पदार्थांत मात्र शेजारचे दोघे एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून उभे असतात. तीही शिस्तच, पण बाहेरून चुंबकत्व जाणवत नाही.

आता थरथर आणि सफ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. शेजारच्या अणूंनी कुठे तोंड करायचं, हे त्यांच्यातल्या अंतरावर आणि कोनावर ठरतं. थरथरीत हे अंतर सारखं बदलतं. उलट बाजूने, सफ जमली की त्या स्प्रिंगांचा ताण बदलतो आणि थरथरीचा सूर थोडा वर किंवा खाली जातो. चुंबकत्वाचा आणि लोखंडाच्या आकाराचा संबंध जूलने १८४२ मध्ये दाखवला होता, चुंबकित केलेली लोखंडी कांब किंचित लांबते. आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो मुख्यतः याच कारणाने. वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून सूर १०० चा.

हे आत डोकावून बघायचं कशाने? न्यूट्रॉनने. त्याला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो स्फटिकात खोलवर शिरतो. पण तो स्वतः एक छोटा चुंबक असतो, त्यामुळे अणूंची थरथर आणि त्यांची सफ दोन्ही त्याला कळतात. १९४९ मध्ये अमेरिकेत शल यांनी मँगनीज ऑक्साइडमधली ती उलटसुलट सफ न्यूट्रॉनने दाखवली. कॅनडात चॉक रिव्हरला ब्रॉकहाउस थरथर मोजत होते. १९५६ च्या सुमारास त्यांच्याकडे काम शिकायला गेले आपले पी. के. अय्यंगार. जर्मेनियमच्या स्फटिकातल्या कंपनांवरचा दोघांचा निबंध १९५८ चा. शल आणि ब्रॉकहाउस यांना नोबेल मिळालं ते १९९४ मध्ये, पुष्कळच उशिरा.

अय्यंगार परतले आणि ट्रॉम्बेला ते काम उभं राहिलं, आधी १९५६ ची अप्सरा, मग सायरस. सायरसही चॉक रिव्हरच्याच एनआरएक्स भट्टीच्या नमुन्यावर बांधलेली. ट्रॉम्बेचा १९६९ चा एक निबंध माझ्या पाहण्यात आला, निकेल-झिंक फेराइटबद्दलचा. जुन्या रेडिओत एरियलची काळी कांडी असायची ना, त्या जातीचा पदार्थ. त्यात काही अणूंचे चुंबक सरळ रांगेत नसून एकमेकांशी कोन करून उभे असतात, असं त्यांना न्यूट्रॉनमधून दिसलं. लेखकांमध्ये सत्यमूर्ती, नतेरा, युसुफ, श्रीवास्तव आणि आर. जे. बेगम. बेगम या नावावर मी बराच वेळ थांबले. आमच्या वर्गातल्या मुलींना हे नाव मी वाचून दाखवलं, विज्ञानाचा तास नसताना.

थरथर आणि सफ यांच्या नात्यावर थेट काम पुढे झालं. २०१५ मध्ये भाभा केंद्रातले चपलोत, मित्तल आणि सहकारी यांनी यट्रियम मँगनेटवर लिहिलं. त्यातली मँगनीजची सफ उणे २०० अंशांच्या आसपास जमते, आणि स्फटिकातली कंपनं तिच्याशी कशी बांधलेली आहेत, हा निबंधाचा विषय. या निबंधाला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या शास्त्रज्ञांचीही साथ होती.

सायरस २०१० च्या ३१ डिसेंबरला कायमची बंद झाली. शेजारची ध्रुव भट्टी १९८५ पासून आहे, न्यूट्रॉनचं काम आता तिथे चालतं. गेल्या महिन्यात लाँचमध्ये शेजारी बसलेल्या पोराने आईला विचारलं, तो घुमट कसला? आई म्हणाली, "ॲटम बॉम्बचा." मी सांगायला तोंड उघडलं, तोवर धक्का आला आणि सगळे उतरायला उठले.