डोंगरातून सुटलेला आकार

मी गिरणीतला साचेवाला. कापड धाग्याला धागा जोडून वाढतं; त्याला लांबी आणि रुंदी. शिल्पाला तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे खोली. ती समजून घ्यायला जाडजूड ग्रंथ नकोत, कार्ल्याचे लेणे पाहावे.

आपल्या काळात मुळशीत लवासा शहरासाठी डोंगर कापून वर घरे बांधली. त्याच सह्याद्रीत, उत्तरेला मावळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटातच चैत्यगृह कोरले गेले. लांबी सुमारे 124 फूट. छताच्या लाकडी कमानी बसवलेल्या. बाकी नको तो दगड काढला आणि खांब, हत्ती, स्तूप शिल्लक राहिले. घाव चुकला तर कातळ परत जोडता येत नाही!

दर्शनी भिंतीवरची जोडपी उठावाची आहेत. त्यांची पाठ भिंतीतच राहिली. स्तूप मात्र चारी बाजूंनी मोकळा, म्हणून त्याला प्रदक्षिणा घालता येते. आपण चालू लागलो की त्याच्या गोलाईवरचा उजेड नि सावली बदलत जाते. म्हणजे आकार नुसत्या डोळ्यांनी नाही, पायांनीही कळतो.

तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांतच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे; दाराचे काम त्याचे. राबणाऱ्या हाताचे नाव दगडाने जपले. लेण्यात जाल तेव्हा मुलांना स्तूपाभोवती फिरवा आणि सामीचे नाव सांगा.