लाल भोपळ्याची फुलधारणा व कीड नियंत्रण

लाल भोपळा (शास्त्रीय नाव: कुकुर्बिटा मोस्काटा, इतर नावे: डांगर, काशीफळ) हे काकडीच्या कुलातील, मूळचे अमेरिका खंडातील वेलवर्गीय पीक आहे. त्याच्या एकाच वेलावर नर व मादी फुले स्वतंत्रपणे येतात आणि परागीभवन कीटकांमार्फत होते. त्यामुळे फुलोऱ्याच्या काळात केलेली कीटकनाशकाची फवारणी किडीबरोबर उत्पादनही घटवू शकते.

फुले व परागीभवन

नर फुले लांब, बारीक देठावर येतात. मादी फुलाच्या तळाशी लहान भोपळ्यासारखा फुगीर बीजांडकोश असतो. वेलावर प्रथम केवळ नर फुले येतात व गळून जातात. हा रोग नव्हे. महाराष्ट्रात या फुलांची भजी करतात. तीव्र उष्णता व नत्राची जादा मात्रा यांमुळे मादी फुले लांबणीवर पडतात.

फूल पहाटे उमलते व दुपारपूर्वी मिटते. पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने वाहून जात नाहीत. अमेरिकेत या कुलातील फुलांवर जगणाऱ्या खास मधमाश्या आढळतात. भारतात हे काम मुख्यतः सातेरी, आग्या व फुलोरी या मधमाश्या करतात. मधमाश्या कमी असल्यास सकाळी लवकर ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवतात.

फळगळीचे कारण ओळखणे

कोवळे फळ पिवळे पडून गळाले की दोष सहसा किडीला दिला जातो. परागीभवन न झालेले फळ टोकाकडून सुकत, आक्रसत जाते. कापल्यास आत अळी नसते. फळमाशीने डंख केलेल्या फळावर बारीक छिद्र व त्यातून पाझरलेला डिंकासारखा द्रव दिसतो आणि गरात पांढुरक्या अळ्या सापडतात. वेडीवाकडी फळे अपुऱ्या परागीभवनामुळेही येतात व डंखामुळेही. म्हणून फवारणीपूर्वी गळालेली चार-दोन फळे कापून पाहणे आवश्यक ठरते.

प्रमुख किडी

तांबडे भुंगेरे (औलाकोफोरा फोव्हेइकॉलिस) रोपांची बीजदले व कोवळी पाने कुरतडतात, फुलेही खातात. अळ्या जमिनीत राहून मुळे पोखरतात. रोपावस्थेत नुकसान सर्वाधिक होते. भुंगेरे पहाटे सुस्त असल्याने त्या वेळी हाताने वेचून नष्ट करता येतात. काढणीनंतरच्या खोल नांगरटीने जमिनीतील अवस्था उघड्या पडतात.

फळमाशीची मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी गरात सुरक्षित असल्याने वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. कीडग्रस्त फळे वेचून खोल पुरणे हा मुख्य उपाय होय. ती बांधावर टाकल्यास अळ्या तेथील मातीत कोषात जातात व नवी पिढी तयार होते. क्यू-ल्यूरचे सापळे केवळ नर माश्यांना आकर्षित करतात, त्यामुळे फळे वेचण्याचे काम त्यांनी टळत नाही. परसबागेत फळधारणा झाल्यावर फळावर कागदी पिशवी बांधतात. आधी बांधल्यास मधमाश्यांची वाट अडते.

मावा रस शोषतो व विषाणुजन्य मोझॅक रोग पसरवतो. त्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात.

फवारणीची वेळ

फवारणी अटळ असल्यास ती फुले मिटल्यानंतर, सायंकाळी करतात. पाने वा परागांत दीर्घकाळ टिकणारी आंतरप्रवाही कीटकनाशके मात्र सायंकाळी फवारूनही दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मधमाश्यांना घातक ठरू शकतात.