संस्कृत येत होतं, पण पोट भरता येत नव्हतं

कानात इअरफोन आहेत ना? मग आज जाऊया केडगावला. पुण्याहून दौंडकडे जाताना लागतं ते केडगाव. पण गोष्ट सुरू होते त्याच्या बरीच आधी, १८७४ साली, मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात.

अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचे बोल खाल्ले. तीर्थक्षेत्री पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं, असं हे कुटुंब. दुष्काळ पडला आणि दक्षिणा आटली. घरात हजारो श्लोक पाठ होते, पण मजुरी कशी करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी आई-वडील गेले, पाठोपाठ मोठी बहीण. मागे राहिली सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ.

हीच रमा पुढे पंडिता रमाबाई झाली. ‘पंडिता’ ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी दिली, पण ती उपासमार त्या कधीच विसरल्या नाहीत. पोटापाण्याचं काहीच हातात नव्हतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. तिथे मुख्यतः उच्चवर्णीय विधवा शिकत. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी बायका-मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. आता इतक्या जणींना ठेवायचं कुठे? केडगावला संस्थेची जमीन होती, तिथेच बिऱ्हाड थाटलं. हेच मुक्तिसदन.

आणि इथे खरा बदल दिसतो. आलेल्या बहुतेक जणी खेड्यातल्या, वेगवेगळ्या जातींच्या, अक्षरओळख नसलेल्या. रमाबाईंनी त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. लिहिणं-वाचणं तर शिकवलंच, जोडीला हाताला कामही दिलं: हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, शेती, दूधदुभतं, धुलाई. छापखान्यात मुली स्वतः खिळे जुळवायच्या आणि पुस्तकं बांधायच्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं, टोपल्या विणायला शिकवलं. जुन्या विद्यार्थिनी नव्यांच्या शिक्षिका झाल्या. काही वर्षांत तिथल्या बायका-मुलींची संख्या हजारावर गेली.

सगळं गोड गोड होतं असं नाही. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, मुक्तिसदन ही ख्रिस्ती संस्था होती. धर्मांतरावरून पुण्यात त्याआधीच मोठं वादळ झालं होतं. पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या होत्या. भुकेल्या मुलीपुढे निवड तरी किती होती, हा प्रश्न आजही विचारायला हवा.

पण दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे. भाकरी एक दिवस पुरते. ती मिळवायची कशी, हे कोण शिकवणार? स्वतःच्या घरात तीन मरणं पाहिलेल्या बाईने त्याचं उत्तर घाण्यावर, मागावर आणि छापखान्यात शोधलं.

तुमच्या गावात शिवणक्लास असेल, बचत गटाचा पापडउद्योग असेल. पुढच्या वेळी तिथून जाताना जरा थांबा. तिथली बाई नुसतं टाके घालायला शिकतेय, की चार पैसे स्वतःच्या नावावर ठेवायलाही? तेवढं विचारून बघा, आणि आम्हालाही कळवा.