चवदार तळ्याचा सत्याग्रह : नागरी हक्काचा कागदापासून कृतीपर्यंतचा प्रवास

हक्क मान्य होणे आणि तो बजावता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाडचा चवदार तळे सत्याग्रह हा अस्पृश्यतानिर्मूलनाच्या चळवळीतील महत्त्वाचा टप्पा होय. त्याचबरोबर या दोन गोष्टींमधील अंतर त्याने स्पष्ट केले, म्हणून नागरिकत्वाच्या इतिहासातही त्याचे स्थान मोलाचे आहे.

सार्वजनिक निधीतून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्य वर्गास खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. या तळ्यावर अन्यधर्मीयांनाही मज्जाव नव्हता. तरीही सवर्णांच्या दहशतीमुळे अस्पृश्यांसाठी हा ठराव कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या प्रतिनिधींनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. ही याचना नव्हती, तर मान्य झालेल्या हक्काचा सामूहिक वापर होता. वीरेश्वर मंदिरात प्रवेश होणार, अशी अफवा पसरून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. संख्याबळ असूनही प्रतिहल्ला करू नये, असे बाबासाहेबांनी अनुयायांना बजावले. पुढे सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह योजिला असता, तळे खाजगी असल्याचा दावा करून विरोधकांनी दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबर रोजी परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. प्रतिनिधी सत्याग्रहास उत्सुक होते; परंतु न्यायालयाचा आदेश पाळून तो तहकूब करण्यात आला. विषमतेस आधार देणाऱ्या ग्रंथाचा जाहीर निषेध आणि न्यायसंस्थेचा मान राखणे या दोन्ही गोष्टी एकाच परिषदेत घडल्या, हे या लढ्याचे वैशिष्ट्य होय.

दहा वर्षांच्या न्यायालयीन संघर्षानंतर मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तथापि त्याचा आधार मर्यादित होता. अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही, एवढेच न्यायालयाने मानले. अशी रूढी सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णित राहिला. त्याचे उत्तर संविधानाने दिले. अनुच्छेद १५ (२) मध्ये सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापराबाबत जात, धर्म इत्यादी कारणांवरून होणाऱ्या भेदभावास मनाई करण्यात आली, तर अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

तात्पर्य, कायदेमंडळाचा ठराव, जनतेची संयमी कृती, न्यायालयाचा निर्णय आणि संविधानाची हमी हे या हक्काच्या वाटचालीतील चार टप्पे होत. यांपैकी दुसरा टप्पा घडला नसता, तर पहिला केवळ दप्तरातील नोंद ठरला असता.